कीटकनाशकांचे सूक्ष्म कण आणि प्रयोगशाळेतील उंदीर



वसंत ऋतूतील या व्याख्यानांतून इतिहास, संतवाङ्मय, अर्थकारण असे विषय आपण दरवर्षी ऐकता. मी आज आपणांपुढे विषाचा विषय घेऊन उभा आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. परंतु गेली तीस वर्षे माझा वावर रासायनिक कारखान्यांतील कामगारांत आणि फवारणी करणाऱ्या शेतमजुरांत आहे. त्यांच्या अंगावर जे उडते ते काय असते, हे समजून घेतल्यावाचून त्यांची बाजू मांडता येत नाही. म्हणून वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो. त्यातून जे उमगले ते साध्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न करतो.

'नॅनो' हा शब्द आता आपल्या शेतकऱ्याच्या घरचा झाला आहे. खताच्या बाटल्यांवर तो २०२१ सालापासून दिसू लागला. कीटकनाशकांनाही हेच रूप देण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. अशा मालाची तरफदारी करणारे म्हणतात, "औषध तेच आहे हो, फक्त बारीक केले आहे. मग नव्याने चौकशी कसली?" हा प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. विष तेच असेल आणि त्याचा कण तेवढा लहान केला, तर विषारीपणा तोच राहतो की बदलतो? आजचे सारे विवेचन या एका प्रश्नाभोवती आहे.

प्रथम विषारीपणा मोजतात कसा, ते पाहू. सोळाव्या शतकात युरोपात पॅरासेल्सस नावाचा वैद्य होऊन गेला. एखादी वस्तू विष ठरते की नाही हे तिच्या मात्रेवर अवलंबून असते, असे त्याचे म्हणणे होते. मीठ आपण रोज खातो, पण तेच एका वेळी ओंजळभर खाल्ले तर जिवावर बेतेल. तेव्हा 'किती' हा प्रश्न महत्त्वाचा. त्याचे उत्तर आकड्यात देण्याची रीत १९२७ साली ट्रेव्हन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने घालून दिली. प्राण्यांचे गट करायचे, प्रत्येक गटाला चढती मात्रा द्यायची, आणि ज्या मात्रेने निम्मे प्राणी मरतात ती नोंदवायची. तिला एल.डी. ५० म्हणतात. प्राण्याच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम, असा हा आकडा असतो. आकडा जितका लहान तितके विष जहाल, हे ध्यानात ठेवावे. कारण पुष्कळांची येथेच उलटी समजूत होते.

आपल्या देशात डब्यावरचा रंग ह्याच आकड्यावरून ठरतो. टोकावर उभा केलेला एक चौकोन डब्यावर असतो व त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. १९७१ च्या नियमांप्रमाणे तोंडावाटे दिलेल्या विषाचा आकडा १ ते ५० असेल तर तांबडा, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा, आणि ५००० च्या वर असेल तर हिरवा. ह्या कायदेकानूंमागे माणसांचे बळी आहेत. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे जहाल कीटकनाशक आणि खाण्याचे धान्य एकाच जहाजातून आले. विष सांडून पोत्यांत मुरले आणि शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर चौकशी आयोग बसला, आणि अखेर १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. म्हणजे डब्यावरचा तो रंगीत तुकडा म्हणजे कंपन्यांनी आपण होऊन दिलेली सवलत नव्हे.

आता हा आकडा दगडावरची रेघ आहे काय? तर नाही. सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक कापूसवाल्या शेतकऱ्यांना चांगले माहीत आहे. ते मक्याच्या तेलात मिसळून उंदरांना पाजले तेव्हा एल.डी. ५० सुमारे २५० मिलिग्रॅम भरली. तेच पाण्यात कालवून पाजले तेव्हा ती ४००० च्या वर गेली. विष तेच, प्राणी तोच; फक्त विष ज्या वाहनावर बसून पोटात गेले ते वाहन बदलले. तेलात ते विरघळते आणि आतड्यातून चटकन शोषले जाते. पाण्यात ते विरघळत नाही, तेव्हा बरेचसे तसेच बाहेर पडते. आपल्या रंगांच्या हिशेबाने पाहिले तर एकाच द्रव्याला एकदा पिवळा आणि एकदा निळा रंग लागतो. तेव्हा 'औषध तेच' म्हटल्याने प्रश्न मिटत नाही, ही गोष्ट ह्यावरून सिद्ध होते.

आता सूक्ष्म कणांकडे वळू. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनो कण म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी ह्या मापाने काही दहा हजार नॅनोमीटर भरते. पण नुसते लहान म्हणून भागत नाही. लहान केल्याने घडते काय, ते पाहिले पाहिजे. एक घन सेंटिमीटरचा, म्हणजे फाशाएवढा, एक ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. आता तोच ठोकळा कापत कापत एक नॅनोमीटरच्या ठोकळ्यांपर्यंत नेला, तर वजन तेवढेच राहील, पण सगळ्या तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग होईल सहा हजार चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ दीड एकर! बोटाच्या पेरावर मावणारा पदार्थ दीड एकरभर उघडा पडला. विरघळणे, चिकटणे, रासायनिक क्रिया होणे हे सारे पृष्ठभागावर चालते. आपल्या आयाबहिणींना हे तत्त्व माहीत आहे: खडीसाखर दुधात विरघळायला वेळ लागतो, पिठीसाखर टाकताच नाहीशी होते.

ह्याचा प्राण्यांवर काय परिणाम होतो, ते दाखवणारा एक प्रयोग चिनी शास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केला. तांब्याची भुकटी त्यांनी दोन आकारांत घेतली. एकीचे कण सुमारे १७ मायक्रोमीटरचे, म्हणजे १७००० नॅनोमीटरचे. दुसरीचे सुमारे २३.५ नॅनोमीटरचे. दोन्ही छोट्या पांढऱ्या उंदरांना तोंडावाटे दिल्या. जाड भुकटीची एल.डी. ५० निघाली ५००० च्या वर. बारीक भुकटीची निघाली ४१३. आणि तांब्याचा पाण्यात विरघळणारा क्षार दिला तेव्हा ती भरली ११०. बारीक भुकटी खाल्लेल्या उंदरांची मूत्रपिंडे, यकृत आणि प्लीहा बिघडलेली आढळली. कारण काय? जठरात आम्ल असते. जाड कणाला ते हळूहळू कुरतडते. बारीक कणांवर मात्र सर्व बाजूंनी एकदम तुटून पडते, आणि तांबे विरघळून रक्तात उतरू लागते. म्हणजे सूक्ष्म तांबे पोटात गेल्यावर धातूपेक्षा क्षारासारखे वागू लागले. आपल्या डब्याच्या भाषेत सांगायचे तर हिरवा रंग पिवळा झाला, आणि तोही मूळ धातू बदलल्यावाचून.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतले, कारण तांबे आपल्या शेतीला परके नाही. कोकणात सुपारीवर, नाशिककडे द्राक्षावर मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण पिढ्यानुपिढ्या फवारले जाते. मात्र एक खुलासा करतो. वरील प्रयोग धातूच्या भुकटीवर होता, बोर्डो मिश्रणावर नव्हे. तेव्हा त्यावरून कोणी बागायतदाराने घाबरून जाऊ नये. प्रयोगाने शिकवले ते एवढेच की, जाड कणांवर केलेल्या तपासणीचा दाखला बारीक कणांसाठी चालवून घेता येत नाही. पण हे 'एवढेच' फार मोलाचे आहे.

दुसरा मार्ग श्वासाचा. फवारणाऱ्या माणसाच्या आणि कारखान्यात भुकटी भरणाऱ्या कामगाराच्या पोटापेक्षा त्याच्या छातीत जास्त जाते. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात ओबरडॉर्स्टर ह्या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. हा पांढऱ्या रंगात घालण्याचा पदार्थ निरुपद्रवी समजला जात असे. सारख्याच वजनाचे कण उंदरांच्या फुप्फुसात गेले, पण सुमारे २० नॅनोमीटरच्या कणांनी सुमारे २५० नॅनोमीटरच्या कणांपेक्षा अधिक दाह निर्माण केला. मग त्यांनी वजनाऐवजी पृष्ठभागाने हिशेब केला, तेव्हा दोन्ही आकारांचे निकाल जुळू लागले. ह्याचा अर्थ असा की, आपण ज्या तराजूने विष मोजत होतो, तो वजनाचा तराजू येथे अपुरा आहे. त्याच मंडळींनी २००४ साली आणखी एक गोष्ट दाखवली. कार्बनचे अतिसूक्ष्म कण हुंगलेल्या उंदरांच्या मेंदूत, वासाचे ज्ञान घेणाऱ्या भागात, ते कण सापडले. नाकातील मज्जातंतूंच्या वाटेने ते वर चढले असावेत, असा निष्कर्ष निघाला. तोंडाला रुमाल बांधून फवारणी करणाऱ्या माणसाने ही गोष्ट ऐकावी अशी आहे.

आता दुसरी बाजू मांडतो. न्यायसभेत उभे राहिल्यावर फक्त आपल्याच साक्षीदारांना बोलावून चालत नाही. सूक्ष्म रूप देण्याची खटपट शास्त्रज्ञ उगाच करीत नाहीत. नेहमीच्या द्रव कीटकनाशकांत विष विरघळवण्यासाठी झायलीनसारखी द्रावणे घालतात. तीही अपायकारक असतात. सूक्ष्म थेंब करून विष पाण्यात धरून ठेवता आले तर ही द्रावणे टाळता येतात. पानावर औषध अधिक सारखे पसरते, म्हणून कमी मात्रेत काम भागू शकते. विषाला एखाद्या सूक्ष्म कुपीत बंद केले तर ते हळूहळू झिरपते आणि हाताळणाऱ्याला एकदम बाधत नाही. २०१८ साली जुन्या व नव्या रूपांची तुलना करणाऱ्या अनेक प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गुणकारकता साधारण वीस ते तीस टक्के अधिक आढळली, मात्र प्रत्यक्ष शेतातले प्रयोग फार थोडे, अशी तक्रारही त्यात होती. २०२२ सालच्या दुसऱ्या आढाव्यात, ज्यांना मारायचे नाही अशा जीवांवरील विषारीपणा सरासरीने ४३ टक्के कमी भरला. हे आकडे मी लपवून ठेवणार नाही.

परंतु सरासरी ही फसवी गोष्ट आहे. कारखान्यातल्या सरासरी पगारात मालकाचाही पगार मिसळला तर कामगार श्रीमंत दिसतो! एक माल सौम्य निघाला म्हणून दुसरा सौम्य ठरत नाही. शिवाय एकाला वाचवणारे रूप दुसऱ्याला मारू शकते. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात मिथिल पॅराथिऑन हे विष बारीक कुप्यांत भरून विकू लागले. ह्या कुप्या नॅनोपेक्षा पुष्कळ मोठ्या होत्या. हाताळणाऱ्या माणसाला त्यांचा धोका कमी झाला खरा. पण त्या आकाराने परागकणांएवढ्या असल्याने मधमाश्यांनी त्या परागाबरोबर पोळ्यात नेल्या, आणि पोळीच्या पोळी मेली. म्हणून प्रत्येक मालाची तपासणी त्याच्या अंतिम रूपात, विकला जातो तसाच घेऊन, झाली पाहिजे.

ती तपासणी नुसत्या एल.डी. ५० वर थांबू नये. तो आकडा फक्त एकदाच दिलेल्या मात्रेने येणाऱ्या मरणाचा हिशेब सांगतो. रोज थोडे थोडे अंगात जाऊन काय होते, ते पाहायला उंदरांना नव्वद दिवस रोज मात्रा देतात. मग त्यांचे रक्त तपासतात, अवयव वजन करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कर्करोगासाठी दोन वर्षांचे प्रयोग असतात, संततीसाठी वेगळे. ज्या मात्रेला काहीही अपाय दिसत नाही ती मात्रा धरून, उंदीर आणि माणूस यांतील फरकासाठी तिला दहाने भागतात, माणसामाणसांतील फरकासाठी पुन्हा दहाने. माहिती अपुरी असेल तर आणखी दहाने. सूक्ष्म कणांच्या बाबतीत एक अडचण जास्तीची असते. हे कण पाण्यात वा खाद्यात एकमेकांना चिकटून गोळे होतात. प्रयोग करणाऱ्याने उंदराच्या खाद्यातला कणांचा आकार मोजला नाही, तर कागदावर नॅनो आणि पोटात गोळा, असा प्रकार होतो. आणि निरुपद्रवी म्हणून मिळालेला दाखला भलत्याच पदार्थाचा असतो.

ह्या भागाकाराला कायद्यात किती किंमत असते, ते एका खटल्यावरून सांगतो. अमेरिकेतील पर्यावरण संरक्षण खात्याने २०११ साली कापडात घालण्याच्या सूक्ष्म चांदीला जंतुनाशक म्हणून सशर्त परवाना दिला. एका पर्यावरणवादी संस्थेने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. खात्याचाच नियम असा होता की, प्राण्यांवरील प्रयोगात धरलेली मात्रा आणि लहान मुलाच्या अंगात जाऊ शकणारी मात्रा यांत हजारपट किंवा त्याहून कमी अंतर असेल, तर धोका मानायचा. कापड चोखणाऱ्या लहानग्याचा हिशेब केला तेव्हा अंतर बरोबर हजारपट निघाले. तरीही खात्याने धोका नाही म्हटले. २०१३ साली न्यायालयाने सांगितले की, हा तुमचाच नियम आहे, तो तुम्ही पाळला नाही. आणि परवान्याचा तो भाग रद्द केला. दुसऱ्या एका सूक्ष्म चांदीच्या मालाचा परवाना २०१७ साली न्यायालयाने रद्द केला, कारण हा माल लोकहिताचा आहे हे खात्याला पुराव्याने दाखवता आले नाही. मला ह्या निकालांत जी गोष्ट आवडते ती ही: नियम लिहिलेला होता, आकडा उघड होता, म्हणून सामान्य नागरिकांना भांडता आले.

आकडा उघड नसेल तर काय होते, त्याची कथा कामगार चळवळीच्या इतिहासात आहे. डी.बी.सी.पी. नावाचे औषध जमिनीतील सूत्रकृमी मारायला वापरीत. ह्या औषधाने उंदरांचे वृषण आक्रसतात, असे प्रयोगांत आढळले होते आणि १९६१ साली ते छापूनही आले होते. कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील कारखान्यात ते औषध बनवणाऱ्या कामगारांना कोणी हे सांगितले नाही. १९७७ साली कामगारांच्याच बोलण्यात आले की, आपल्यापैकी कोणाला मूल होत नाही. युनियनच्या मदतीने तपासणी झाली, तेव्हा अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतू फार थोडे किंवा मुळीच नाहीत असे निघाले. उंदरांनी सांगितलेली गोष्ट माणसांपर्यंत पोहोचायला सोळा वर्षे लागली. १९७९ साली अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्या औषधाचा वापर बंद झाला.

त्याच काळात दुसरी एक भानगड उघडकीस आली. शिकागोजवळ इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाची मोठी प्रयोगशाळा होती. अनेक कंपन्यांच्या कीटकनाशकांची तपासणी ती करीत असे. १९७६ साली सरकारी तपासनीस ॲड्रियन ग्रॉस यांनी तिचे कागद चाळले, तेव्हा खोट्या नोंदींचा ढीग सापडला. पिण्याच्या पाण्याची व्यवस्था बिघडून उंदीर बुडून मेले होते. कित्येकांपुढे 'शरीर फार कुजलेले' अशा अर्थाची अक्षरे लिहिली होती, आणि तरीही अहवाल पूर्ण झाले होते. १९८३ साली तिचे तीन माजी अधिकारी दोषी ठरले. चांगल्या प्रयोगशाळेचे जे लेखी नियम आज जगभर पाळावे लागतात, ते ह्या प्रकरणातून जन्मले. प्राण्यांचे हाल होऊ नयेत असे मलाही वाटते, आणि प्राण्यांवाचून तपासणी करण्याच्या रीती वाढत आहेत हे चांगलेच आहे. पण ज्या मुक्या जिवाला आपण कष्ट दिले, त्याची साक्ष खोटी लिहिणे किंवा कपाटात बंद करून ठेवणे हा त्याचा दुहेरी अपराध आहे.

आता आपल्याकडे पाहू. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये शेतीतील नॅनो मालाच्या तपासणीसाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. कणांचा आकार, विषारीपणा, सुरक्षितता यांची माहिती त्यांत मागितली आहे. पाऊल योग्य दिशेने पडले आहे. परंतु कागदावरची सूत्रे आणि बांधावरची वस्तुस्थिती यांतले अंतर आपण २०१७ साली यवतमाळात पाहिले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना शेकडो माणसे विषबाधेने रुग्णालयात गेली आणि वीसाहून अधिक दगावली. त्यांत नॅनोचा संबंध नव्हता. नेहमीचीच औषधे होती, डब्यांवर रंगही होते. डोक्याच्या वर वाढलेला कापूस, पाठीवरचा पंप, घामाने भिजलेले उघडे अंग, एकात एक मिसळलेली औषधे — ह्यातले काहीही प्रयोगशाळेतल्या उंदराच्या पिंजऱ्यात नसते. जुन्या विषांचा बंदोबस्त जेथे असा, तेथे नव्या रूपाची विषे यायची आहेत. म्हणून त्यांच्या आधीच काही प्रश्न विचारून ठेवले पाहिजेत.

ते प्रश्न चार आहेत. पहिला: डब्यावरचा आकडा ह्याच सूक्ष्म मालावर काढलेला आहे, की जुन्या जाड मालाचा उसना घेतला आहे? दुसरा: तोंडावाटे दिले एवढेच पाहिले, की श्वासातून आणि कातडीतून जाते त्याचीही तपासणी झाली? तिसरा: किती दिवसांचा प्रयोग — एक दिवसाचा, नव्वद दिवसांचा, की दोन वर्षांचा? आणि चौथा: प्रयोग कोणी केला, पैसे कोणी दिले, आणि तो अहवाल कामगाराला, शेतकऱ्याला, गावच्या डॉक्टरला त्यांच्या भाषेत वाचायला मिळेल काय?

ह्या प्रश्नांना पदवी लागत नाही. ग्रामसभेत, सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेत, युनियनच्या मागणीपत्रात ते घालता येतात. आपण शहरातली मंडळी फवारणी करीत नाही हे खरे, पण फवारलेली भाजी आणि द्राक्षे आपणच खातो, आणि मते देणारे आपणही आहोत. कृषी अधिकारी, आमदार, दुकानदार यांना आपणही विचारावे. सूक्ष्म कणांचे औषध कदाचित खरोखरच जुन्यापेक्षा सौम्य निघेल. तसे निघाले तर पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाला सर्वांत आधी आनंद होईल. मात्र ते सौम्य आहे हे त्याच्या देहावर ठरता कामा नये. ते आधी ठरावे, उघडपणे ठरावे, आणि त्याला सांगितले जावे.